वृक्कातील रक्तप्रवाह, ऑक्सिजन व हॉर्मोन-ग्राही : संशोधनाचा इतिहास

वृक्काकडे (मूत्रपिंडाकडे) येणारे रक्त व त्यातून ऊतकांना (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांना) मिळणारा ऑक्सिजन यांचे नियंत्रण मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भित्तीतील व मूत्रनलिकांच्या कोशिकांवरील ग्राहींमार्फत होते. विशिष्ट हॉर्मोनाशी (वाहिनीविहीन ग्रंथींच्या अथवा ऊतकांच्या उत्तेजक स्रावाशी) संयोग पावून कोशिकेत ठराविक प्रतिक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनास ग्राही असे म्हणतात. अँजिओटेन्सीन, ॲड्रेनॅलीन, डोपामीन, प्रोस्टाग्लँडिने, व्हासोप्रेसीन इ. पदार्थांचे वेगवेगळे ग्राही वृक्कात आढळतात. त्यांच्या शोधाचा इतिहास सु. सव्वाशे वर्षांचा असून अतिरक्तदाब, मधुमेहजन्य वृक्कविकार व तीव्र वृक्कनिष्फलता यांवरील आधुनिक उपचार या इतिहासातूनच निर्माण झालेले आहेत.

वृक्काच्या रक्तपुरवठ्याची वैशिष्ट्ये : प्रौढ माणसाच्या दोन्ही वृक्कांचे एकत्रित वजन सु. ३०० ग्रॅ. म्हणजे शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. परंतु हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी सु. एकपंचमांश रक्त, म्हणजे दर मिनिटाला एक लिटरहून अधिक, त्यांच्यातून वाहते. हा पुरवठा वृक्काच्या पोषणासाठी लागणाऱ्या रक्ताच्या मानाने पुष्कळच जास्त असतो, कारण त्याचा मुख्य हेतू पोषण हा नसून रक्ताची गाळणी हा असतो. अभिवाही रोहिणिकेतून रक्त केशिकागुच्छात येते, तेथे त्यातील काही द्रव गाळला जातो व उरलेले रक्त अपवाही रोहिणिकेतून बाहेर पडते. गुच्छाच्या अलीकडे एक व पलीकडे एक अशा दोन रोहिणिका असल्यामुळे त्यांपैकी कोणती आकुंचन पावते यावर गुच्छातील दाब व गाळणीचे प्रमाण अवलंबून असते. अलीकडची आकुंचन पावल्यास दोन्ही घटतात. पलीकडची आकुंचन पावल्यास रक्तप्रवाह घटूनही दाब टिकून राहतो. वृक्कातील हॉर्मोनांचे कार्य समजून घेण्यास ही रचना लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

दिवसाकाठी सु. १८० लि. द्रव गाळला जातो व त्यापैकी दीड-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडतो. उरलेल्या द्रवातील सोडियम परत शोषून घेण्याच्या कामावर वृक्कातील ऑक्सिजनाचा बराच मोठा भाग खर्च होतो. वृक्काला मिळणाऱ्या रक्तापैकी सु. नऊदशांश भाग बाह्यकाला (बाहेरील थराला) मिळतो व मध्यकाच्या (आतील भागाच्या) वाट्याला अत्यल्प रक्त येते. त्यामुळे एकंदर वृक्क हे रक्ताने समृद्ध इंद्रिय असले, तरी त्याचा अंतर्भाग मात्र सतत ऑक्सिजनाच्या टंचाईच्या सीमेवर असतो. ही विसंगती ध्यानात येण्यास विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

प्रारंभीचे संशोधन : इटालियन सूक्ष्मशारीरविज्ञ मार्चेल्लो मालपीगी (१६२८–९४) यांनी १६६६ मध्ये वृक्कातील केशिकागुच्छांचे वर्णन केले. १८४२ मध्ये इंग्रज वैद्य विल्यम बोमन (१८१६–९२) यांनी गुच्छाभोवतीचे संपुट मूत्रनलिकेला जोडलेले असल्याचे दाखवून दिले. त्याच सुमारास जर्मन शरीरक्रियाविज्ञ कार्ल लूटव्हिख (१८१६–९५) यांनी रक्ताच्या दाबामुळे गुच्छात द्रव गाळला जातो, असे प्रतिपादन केले. लंडन येथील रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) यांनी १८२७ पासून वृक्कविकारांचा अभ्यास केला व पुढे अशा रोग्यांचे हृदय मोठे झालेले असते, याकडे लक्ष वेधले. वृक्क व रक्ताभिसरण यांच्यात काही दुवा असावा, ही शंका येथूनच वैद्यकात रूढ झाली.

फ्रेंच शरीरक्रियाविज्ञ क्लोद बेर्नार (१८१३–७८) यांना असे आढळले की, कार्यरत वृक्कातून बाहेर पडणारे नीलेतील रक्त इतर नीलांतील रक्तासारखे काळसर नसून लाल असते. वृक्क आपल्याला मिळालेल्या ऑक्सिजनापैकी थोडाच भाग वापरते, हा त्याचा अर्थ होय. १९०५ च्या सुमारास जोसेफ बारक्रॉफ्ट व टी. जी. ब्रोडी यांनी वृक्काच्या ऑक्सिजन-वापराचे मापन केले. वृक्क आपल्या रक्तातील ऑक्सिजनापैकी साधारणपणे दहा टक्क्यांच्या आसपास भाग वापरते असे आता ज्ञात आहे. वृक्कास ऑक्सिजनाची ददात नाही, असा समज अशा निरीक्षणांवरून दीर्घकाळ प्रचलित राहिला.

रेनिनाचा शोध व विस्मरण : फिनलंडमध्ये जन्मलेले रॉबर्ट टीगरस्टेट (१८५३–१९२३) हे स्टॉकहोम येथील कारोलिन्स्का संस्थेत प्राध्यापक असताना त्यांनी पेर बेर्गमन या विद्यार्थ्याच्या साहाय्याने सशाच्या वृक्काचा अर्क तयार केला व तो दुसऱ्या सशाच्या नीलेत टोचला. रक्तदाब वाढला. हा परिणाम बाह्यकाच्या अर्काने होतो, मध्यकाच्या अर्काने होत नाही, तसेच अर्क उकळल्यास नाहीसा होतो, असे त्यांनी दाखविले. या अज्ञात पदार्थाला त्यांनी ‘रेनीन’ हे नाव दिले व आपले निष्कर्ष १८९८ मध्ये प्रसिद्ध केले. ‘हॉर्मोन’ ही संज्ञा अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये प्रथम वापरली, हे लक्षात घेता या कार्याचे अग्रेसरत्व स्पष्ट होते.

तथापि या शोधाकडे जवळजवळ चार दशके दुर्लक्ष झाले. टीगरस्टेट १९०० मध्ये हेल्सिंकीला गेले व त्यांनी स्वतः हा विषय पुढे चालविला नाही. अशुद्ध अर्कांमुळे इतरांना मिळालेले निष्कर्ष परस्परविरोधी होते. शिवाय अतिरक्तदाबाने वृक्काच्या वाहिन्या खराब होतात, वृक्कामुळे अतिरक्तदाब होत नाही, हे मत प्रबळ होते.

या मताला धक्का दिला तो अमेरिकन विकृतिवैज्ञानिक हॅरी गोल्डब्लाट (१८९१–१९७७) यांनी. अतिरक्तदाबाच्या रोग्यांच्या शवपरीक्षेत वृक्काच्या वाहिन्या अरुंद झालेल्या त्यांना दिसत. हे अरुंद होणे परिणाम नसून कारण असेल काय, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. क्लीव्हलँड येथे त्यांनी कुत्र्यांच्या वृक्क-रोहिणीवर चांदीचा चिमटा बसवून तिचा मार्ग अंशतः रोधला. दोन्ही बाजूंस चिमटे बसविल्यावर रक्तदाब वाढला व वाढलेलाच राहिला. हे प्रयोग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. वृक्काच्या तंत्रिका (मज्जा) तोडल्या तरीही ही वाढ थांबत नाही, असे पुढे दिसून आले. १९३७ मध्ये ब्वेनस एअरीझ येथे बेर्नार्दो ऊसाय व क्वान फास्योलो यांनी असे रक्तन्यून वृक्क दुसऱ्या कुत्र्याच्या मानेत जोडले असता त्याचाही रक्तदाब वाढला. वृक्कातून काही रासायनिक पदार्थ रक्तात मिसळतो, याविषयी आता संशय उरला नाही.

ऑक्सिजन कमी पडल्यामुळे वृक्क हा पदार्थ सोडत असावे, अशी तत्कालीन कल्पना होती. ती पूर्णतः बरोबर ठरली नाही. रोहिणिकेतील दाब घटणे, नलिकेतील मिठाचे प्रमाण कमी होणे व अनुकंपी तंत्रिकांचे उद्दीपन ही रेनीन-स्रावाची प्रमुख कारणे आहेत, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. ऑक्सिजन-न्यूनतेला वृक्क जे उत्तर देते ते वेगळ्याच हॉर्मोनाच्या द्वारे. त्याचे विवेचन पुढे आले आहे.

अँजिओटेन्सीन : १९३९-४० मध्ये अमेरिकेतील अर्विन पेज व ओ. एम. हेल्मर यांनी आणि अर्जेंटिनातील एद्वार्दो ब्राउन-मेनेंदेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, रेनीन स्वतः वाहिन्यांचे आकुंचन करीत नाही. ते एक एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) असून रक्तद्रवातील एका प्रथिनापासून वाहिनी-आकुंचक पदार्थ अलग करते. अमेरिकनांनी त्याला ‘अँजिओटोनीन’ व अर्जेंटिनियनांनी ‘हायपरटेन्सीन’ असे नाव दिले. अर्जेंटिनाच्या गटात लुईस लेल्वार हेही होते. त्यांना पुढे वेगळ्या कार्याबद्दल १९७० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नावाचा वाद सु. दोन दशके चालला. अखेरीस १९५८ मध्ये पेज व ब्राउन-मेनेंदेस यांनी दोन्ही नावांचे अर्धे अर्धे भाग जोडून ‘अँजिओटेन्सीन’ ही संज्ञा सुचविली व ती सर्वमान्य झाली.

दरम्यान क्लीव्हलँड येथे लेनर्ड स्केग्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४–५६ या काळात अँजिओटेन्सिनाची दोन रूपे ओळखली. पहिल्यात दहा ॲमिनो अम्ले असून ते जवळजवळ निष्क्रिय असते. रूपांतरक एंझाइमाने त्यातील दोन ॲमिनो अम्ले काढून टाकली म्हणजे आठ ॲमिनो अम्लांचे, अत्यंत प्रभावी असे दुसरे रूप तयार होते. १९६७ मध्ये के. के. एफ. एन्‌जी व जॉन व्हेन यांनी हे रूपांतर प्रामुख्याने फुप्फुसांत होते असे दाखविले. व्हेन यांच्या प्रयोगशाळेत ब्राझीलहून आलेले सेर्झिओ फेरेरा यांनी आपल्याबरोबर जराराका या विषारी सापाच्या विषातील एक घटक आणला होता. तो रूपांतरक एंझाइमाला रोखतो, असे वाय. एस. बाखले यांच्या प्रयोगांवरून स्पष्ट झाले. याच धाग्यावरून डेव्हिड कुशमन व मिगेल ओन्देती यांनी तोंडाने घेता येणारे कॅप्टोप्रिल हे औषध तयार केले. त्याची माहिती १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली व १९८१ मध्ये अमेरिकेत त्याच्या वापरास मान्यता मिळाली.

ग्राही-कल्पनेचा विकास : हॉर्मोन सर्व शरीरात फिरत असता ठराविक कोशिकाच त्याला का प्रतिसाद देतात, या प्रश्नाच्या उत्तरातून ग्राहीची कल्पना निर्माण झाली. जॉन लँग्ली यांनी १९०५ मध्ये कोशिकेत ‘ग्रहणशील द्रव्य’ असल्याचे प्रतिपादन केले. पाउल एर्लिख यांनी प्रतिरक्षेच्या संदर्भात तशाच स्वरूपाचा विचार मांडला होता. १९४८ मध्ये रेमंड आल्क्विस्ट यांनी ॲड्रेनॅलिनासारख्या पदार्थांचे ग्राही आल्फा व बीटा अशा दोन प्रकारचे असतात, असे सुचविले. ग्राही हे दीर्घकाळ केवळ सोयीचे अनुमान मानले जाई. एकच हॉर्मोन एका वाहिनीला आकुंचित व दुसरीला विस्फारित का करते, याचा उलगडा मात्र याच अनुमानाने होत असे. वृक्काच्या रोहिणिकांवरील आल्फा-१ ग्राहींमुळे आकुंचन घडते, तर रेनीन सोडणाऱ्या कोशिकांवरील बीटा-१ ग्राहींमुळे रेनिनाचा स्राव वाढतो. या कोशिका केशिकागुच्छाच्या मुखाशी, अभिवाही रोहिणिकेच्या भित्तीत असतात. त्या अंतःस्रावी असाव्यात, हे मत बेल्जियन शास्त्रज्ञ नॉर्बर्ट गूरमाख्टिख यांनी १९३० नंतरच्या दशकात मांडले होते.

१९७० नंतर किरणोत्सर्गी अणूंनी अंकित केलेल्या हॉर्मोनांच्या साहाय्याने ग्राहींचे प्रत्यक्ष मापन शक्य झाले. १९८९ मध्ये अँजिओटेन्सिनाचे दोन प्रकारचे ग्राही वेगळे ओळखण्यात आले. पहिल्या प्रकारच्या ग्राहीच्या जनुकीय प्रतीचे कृंतकन (एकसारख्या प्रती तयार करणे) १९९१ मध्ये व दुसऱ्याचे १९९३ मध्ये झाले. वाहिन्यांचे आकुंचन, सोडियमाचे पुनःशोषण व ॲल्डोस्टेरॉनाचा स्राव ही ज्ञात कार्ये पहिल्या प्रकारच्या ग्राहीची असून दुसऱ्याचे कार्य बहुतांशी त्याच्या विरुद्ध असते. पहिल्या ग्राहीला रोखणारे लोसार्टन हे औषध १९९५ मध्ये वापरात आले.

अँजिओटेन्सीन अपवाही रोहिणिकेचे आकुंचन विशेष प्रमाणात घडवून आणते. रक्तस्राव, जुलाब इ. कारणांनी रक्ताचे आकारमान घटले असता त्यामुळे गुच्छातील दाब टिकतो व गाळणी चालू राहते. मधुमेहात मात्र हाच दाब वर्षानुवर्षे वाढलेला राहून गुच्छांचा नाश होतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत कॅप्टोप्रिलमुळे इन्शुलीन-अवलंबी मधुमेहातील वृक्कविकाराची वाढ मंदावते, असे सिद्ध झाले. २००१ मध्ये प्रौढवयीन मधुमेहींच्या बाबतीत ग्राहीरोधकांविषयी तसाच निष्कर्ष निघाला. परंतु या औषधांची दुसरी बाजूही लवकरच उघडकीस आली होती. दोन्ही वृक्क-रोहिणी अरुंद झालेल्या रोग्यांना कॅप्टोप्रिल दिल्यास वृक्कांचे कार्य एकाएकी मंदावते, असे १९८३ मध्ये आढळून आले. अशा रोग्यांत अपवाही रोहिणिकेच्या आकुंचनावरच गाळणी तगून असते; तो आधार काढून घेताच ती कोसळते. एकच ग्राही एका रोग्यात अपायकारक व दुसऱ्यात तारक ठरतो, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रत्ययास आली आहे.

मध्यकातील ऑक्सिजन-न्यूनता : दुसऱ्या महायुद्धात लंडनवरील हवाई हल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेले काही लोक सुटकेनंतर प्रथम बरे वाटत, पण पुढे त्यांचे मूत्र कमी होत जाऊन त्यांना मृत्यू येई. १९४१ मध्ये एरिक बायवॉटर्स व डेझ्मंड बील यांनी या विकाराचे वर्णन केले. कातालोनियातून परागंदा होऊन ऑक्सफर्ड येथे आलेले शस्त्रक्रियातज्ञ झुझेप त्रुएता (१८९७–१९७७) यांनी सहकाऱ्यांसह सशांवर क्ष-किरण प्रयोग करून १९४७ मध्ये असे मत मांडले की, आघातानंतर रक्त बाह्यकाला टाळून मध्यकाकडे वळते. माणसात असेच घडते, हे पुढे सिद्ध होऊ शकले नाही. तरीही वृक्काच्या दोन थरांतील रक्तप्रवाह स्वतंत्रपणे बदलू शकतो, हा त्यातील विचार फलदायी ठरला.

मध्यकातील वाहिन्या केसाच्या आकड्यासारख्या वळलेल्या असून त्यांच्या उतरत्या व चढत्या शाखा शेजारी असतात. १९५१ मध्ये हाइन्रिख विर्त्स, बार्टोलोमे हार्गिटे व व्हेर्नर कून यांनी प्रतिप्रवाहाच्या तत्त्वाने मूत्र संहत कसे होते, ते दाखविले. याच रचनेमुळे उतरत्या शाखेतील ऑक्सिजन तळाशी पोहोचण्यापूर्वीच चढत्या शाखेत विसरित होतो. १९६० मध्ये नॉर्वेतील के. औक्लांड व जे. क्रोग यांनी वृक्काच्या ऊतकातील ऑक्सिजनाचा दाब सूक्ष्म विद्युत् अग्रांनी मोजला. बाह्यकातील दाब पाऱ्याच्या सु. ५० मिमी. इतका असतो, तर मध्यकातील दाब १०–२० मिमी. एवढाच असतो, असे अशा मापनांवरून मानले जाते. मध्यकाच्या बाहेरील पट्ट्यात तर हेन्ले पाशाची जाड शाखा सोडियम शोषण्याचे कष्टाचे काम सतत करीत असते व मिळालेल्या ऑक्सिजनाचा सु. ८० टक्के भाग वापरते. मूत्र संहत करून पाणी वाचविण्याची क्षमता टिकविण्यासाठी मध्यकाचा रक्तप्रवाह मंद राहणे आवश्यक असते. ऑक्सिजनाची टंचाई ही त्याची किंमत होय. जेरूसलेम व बॉस्टन येथील मायर ब्रेझिस, सेमूर रोझेन व फ्रँक्लिन एप्स्टाइन यांनी १९८० नंतर हा विचार विस्ताराने मांडला.

या नाजूक समतोलाचे रक्षण काही स्थानिक हॉर्मोने करतात. मध्यकात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिने आपल्या ग्राहींमार्फत वाहिन्या विस्फारतात व सोडियमाचे पुनःशोषणही कमी करतात. त्यामुळे पुरवठा वाढतो व मागणी घटते. ॲस्पिरिनासारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनांची निर्मिती रोखतात, हे व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखविले. शरीरातील पाणी घटलेल्या, वृद्ध वा हृदयविकारी व्यक्तींनी या प्रकारची वेदनाशामके घेतल्यास वृक्कास इजा का होते, याचे कारण त्यामुळे समजले. ॲडिनोसीन हा पदार्थ ए-१ ग्राहीद्वारे अभिवाही रोहिणिका आकुंचित करून गाळणी कमी करतो, म्हणजे कामाचा बोजाच हलका करतो. १९८० नंतर ज्ञात झालेल्या नायट्रिक ऑक्साइडचे कार्य विस्फारक असून १९८८ मध्ये शोधण्यात आलेल्या एंडोथेलिनाचे मुख्यतः आकुंचक आहे.

रक्तप्रवाह वाढविला म्हणजे ऑक्सिजनाचा प्रश्न सुटतोच, असे नाही. लिऑन गोल्डबर्ग व सहकाऱ्यांनी १९६४ मध्ये डोपामिनामुळे माणसातील वृक्क-रक्तप्रवाह व सोडियमाचे उत्सर्जन वाढते असे दाखविले. त्यावरून अतिदक्षता विभागांत वृक्कांच्या रक्षणार्थ अल्पमात्रेत डोपामीन देण्याची प्रथा जगभर पडली. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३२८ रोग्यांवरील तुलनात्मक चाचणीत तिचा काहीही लाभ दिसून आला नाही. सोडियमाचा अधिक भार मध्यकाकडे गेल्याने तेथील ऑक्सिजनाची मागणीही वाढत असावी, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

एरिथ्रोपोएटीन : ऑक्सिजन-न्यूनतेची वार्ता उर्वरित शरीराला कळविण्याचे कार्यही वृक्क करते. १९०६ मध्ये पोल कार्नो व त्यांच्या सहकारी देफ्लांद्र यांनी रक्तक्षय झालेल्या सशाच्या रक्तात तांबड्या कोशिकांच्या निर्मितीला चालना देणारा पदार्थ असल्याचे सुचविले. १९५७ मध्ये लीऑन जेकबसन व सहकाऱ्यांनी तो वृक्कात तयार होतो असे दाखविले. १९७७ मध्ये जपानमधील रक्तक्षयी रोग्यांचे सु. २,५०० लि. मूत्र गोळा करून ताकाजी मियाके व यूजीन गोल्डवॉसर यांनी एरिथ्रोपोएटीन शुद्ध स्वरूपात मिळविले. १९८५ मध्ये त्याच्या जनुकाचे कृंतकन झाले. वृक्क निकामी झालेल्या ज्या रोग्यांना तोवर वारंवार रक्त द्यावे लागे, त्यांना १९८९ पासून हे हॉर्मोन औषध म्हणून मिळू लागले. वृक्कातील कोशिकांना ऑक्सिजनाची कमतरता कशी कळते, याचा उलगडा करणारे ग्रेग सेमेंझा, पीटर रॅटक्लिफ व विल्यम केलिन यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. वृक्काचा रक्तप्रवाह वाढला, तरी बहुधा गाळणी, सोडियमाचे शोषण व म्हणून ऑक्सिजनाचा वापरही वाढतो. परिणामी वृक्कातील ऑक्सिजनाचा दाब प्रवाहातील चढउतारांनी फारसा न बदलता मुख्यतः रक्ताच्या ऑक्सिजन-वहनक्षमतेवर अवलंबून राहतो. रक्तक्षय ओळखण्याचे काम वृक्काकडे का आले, याचे कारण यात असावे असे मानतात.

आधुनिक दृष्टिकोन : १९९६ मध्ये पी. व्ही. प्रसाद व सहकाऱ्यांनी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनाने जिवंत माणसाच्या मध्यकातील ऑक्सिजनाच्या स्थितीतील बदल, कोणतेही उपकरण शरीरात न घालता, पाहता येतात असे दाखविले. सोडियमाचे शोषण रोखणारे फ्युरोसेमाइड दिल्यावर मध्यकातील ऑक्सिजन वाढल्याचे त्यांना आढळले. १९९८ मध्ये लिऑन फाइन व सहकाऱ्यांनी दीर्घकालीन ऑक्सिजन-न्यूनता हेच जुनाट वृक्कविकार वाढत जाण्याचे समान कारण असावे, अशी परिकल्पना मांडली. अँजिओटेन्सीन रक्तप्रवाह घटविते व त्याच वेळी ऑक्सिजनाचा अपव्ययही वाढविते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आल्याने त्याच्या ग्राहीला रोखण्याचा लाभ केवळ दाब कमी होण्यापुरता मर्यादित नसावा, असे समजले जाते. दुसऱ्या टोकास, प्राणघातक अवसादात रक्तदाब सावरण्यासाठी खुद्द अँजिओटेन्सीन हेच औषध म्हणून वापरण्यास २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

सव्वाशे वर्षांपूर्वी एका सशाच्या रक्तदाबाच्या आलेखात दिसलेली वाढ ही आजच्या कोट्यवधी लोकांच्या नित्याच्या औषधांचे मूळ ठरली. वृक्कातील ग्राही हे सुटे सुटे कळदाब नसून गाळणीचा दाब, पाण्याची बचत व ऑक्सिजनाचा पुरवठा या तीन परस्परविरोधी गरजांमध्ये तडजोड साधणारी ती एकसंध व्यवस्था आहे, हा या इतिहासाचा मुख्य निष्कर्ष आहे. तिच्यातील एका दुव्यात केलेला हस्तक्षेप इतर दोन गरजांवर कोणता परिणाम करील, याचा विचार म्हणूनच प्रत्येक उपचारात अपरिहार्य ठरतो.